जठरातली चरबीची गाठ : भीती नको, दुर्लक्षही नको



आज आपण जठरात होणाऱ्या चरबीच्या गाठीविषयी बोलणार आहोत. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. जठर म्हणजे खाल्लेलं अन्न पहिल्यांदा जिथे जाऊन पडतं ती पोटातली पिशवी. या पिशवीत होणाऱ्या सगळ्या प्रकारच्या गाठी मोजल्या, तर शंभरात एकही चरबीची निघत नाही, इतकी ही गाठ दुर्मिळ आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या क्वचित होणाऱ्या गोष्टीवर कशाला वेळ घालवायचा? तर त्याचं कारण आहे. ही गाठ समजून घेताना दोन प्रश्न विचारायला शिकावं लागतं. पहिला प्रश्न, अंगातलं रक्त कमी होतंय, तर ते जातंय कुठे? आणि दुसरा, पोटात गाठ सापडली, तर ती कशाची आहे? हे दोन प्रश्न तुम्हाला, मला, आपल्या आईला, सासूला कधीही उपयोगी पडतील. मी डॉक्टर नाही, बचत गटांचं काम करते. पण गटातल्या बायकांबरोबर दवाखान्यात जाणं होतं, तिथे डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

गाठ नेमकी असते कुठे?

आपली गोधडी डोळ्यांपुढे आणा. वरचं कापड, खालचं कापड, मध्ये जुन्या साड्यांचे थर. जठराची भिंतही अशीच थरांची असते. आतल्या बाजूला गुळगुळीत ओलं अस्तर, त्याखाली एक मऊ थर, मग अन्न घुसळणारा स्नायूंचा जाड थर आणि सगळ्यांत बाहेर पातळ आवरण. चरबीची गाठ बहुतेक वेळा अस्तराच्या खालच्या त्या मऊ थरात होते. गोधडीच्या दोन थरांमध्ये कापसाचा गोळा राहून गेला तर वरून कसा फुगवटा दिसतो, तसा जठराच्या आत फुगवटा दिसतो. वरचं अस्तर मात्र चांगलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे तपासणीच्या वेळी याचा संबंध येणार आहे.

जठराचा खालचा भाग, जिथून अन्न आतड्यात उतरतं, तिथे या गाठी जास्त सापडतात. साधारण पन्नाशी-साठीच्या वयात त्या लक्षात येतात.

ती का होते, याचं ठाम कारण अजून वैद्यकशास्त्रालाही सापडलेलं नाही. पण एक गोष्ट नक्की. तूप खाल्लं, तेलकट खाल्लं, म्हणून ती होत नाही. जाड बाईलाच होते असंही नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या हातावर, पाठीवर कातडीखाली मऊ, हलणारी, न दुखणारी गाठ असते. तीही चरबीचीच. पण हातावर आहे म्हणून पोटातही असेल, असा अर्थ काढू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चरबीची गाठ हा कॅन्सर नाही. ती इतर अवयवांत पसरत नाही आणि तिचा पुढे कॅन्सर होईल अशी भीती बाळगण्याचं कारण नसतं.

मग त्रास कशाने होतो?

लहान गाठीचा काहीच त्रास होत नाही. सुपारीएवढी, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ असेल तर बाईला आयुष्यभर कळतही नाही. दुसऱ्याच कारणासाठी पोटाची तपासणी होते आणि तेव्हा ती दिसते. गाठ लिंबाएवढी झाली, चार सेंटिमीटरच्या पुढे गेली, की मात्र त्रास सुरू होण्याची शक्यता वाढते. हा त्रास दोन प्रकारचा असतो.

एक म्हणजे रक्त जाणं. गाठ वाढली की तिच्यावरचं अस्तर ताणलं जाऊन पातळ होतं. त्यावर अन्न घासतं, जठरातलं आम्ल लागतं आणि तिथे जखम होते. डॉक्टर तिला व्रण म्हणतात. त्या जखमेतून रक्त झिरपत राहतं. कधी एकदम जास्त जातं आणि उलटीतून लाल किंवा कॉफीच्या गाळासारखं पडतं. पण पुष्कळदा ते थोडं थोडं, महिनोन्‌महिने जातं. पोट दुखत नाही, कुठे लाल दिसत नाही. बाई मात्र पांढरी पडत जाते.

दुसरा त्रास अडथळ्याचा. गाठ जठराच्या खालच्या दाराजवळ असेल तर ती मोरीच्या भोकात बोळा बसावा तशी बसते. दोन घास खाल्ले की पोट भरतं, वरचं पोट जड होतं, जेवणानंतर काही वेळाने खाल्लेलं तसंच उलटून पडतं. गाठ मागेपुढे हलत असली तर हा त्रास येतो आणि जातो. क्वचित गाठ आतड्याकडे ओढली जाते आणि तिच्याबरोबर जठराची भिंतही आत ओढली जाते. अशा वेळी पोटात जोराची कळ येते, उलट्या थांबत नाहीत. तेव्हा घरी थांबायचं नाही. १०८ नंबरची रुग्णवाहिका बोलवायची.

रक्त जातंय कुठे?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यामुळे झालंय असं की रक्त कमी असणं आपल्याला नेहमीचंच वाटायला लागलंय. "बायकांना अशक्तपणा असायचाच" असं म्हणून आपण एक सलाईन लावून घेतो आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला जातो.

तरुण बाईचं रक्त कमी होण्याची कारणं आपल्याला माहीत आहेत. पाळीला जास्त अंगावर जाणं, लागोपाठची बाळंतपणं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं. पण जिची पाळी जाऊन तीन-चार वर्षं झाली, तिचं काय? दर महिन्याला जाणारं रक्त तर थांबलं. तरीही तिचं हिमोग्लोबिन उतरत असेल, गोळ्या घेऊन वाढत नसेल, किंवा वाढून पुन्हा खाली येत असेल, तर ते रक्त कुठेतरी जातंय. टाकी भरत राहायची आणि खालून गळती आहे का ते बघायचंच नाही, असं आपण घरात कधी करत नाही. मग अंगाच्या बाबतीत तरी का करायचं?

बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असायला हवं. ८ च्या खाली म्हणजे गंभीर. चार पायऱ्या चढल्यावर धाप लागणं, छाती धडधडणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, जीभ आणि नखं पांढरी दिसणं, ही लक्षणं अंगावर काढायची नाहीत.

याबरोबर एक गोष्ट बघायची, जी बोलायला आपल्याला लाज वाटते. संडासचा रंग. जठरात रक्त गेलं की आम्लामुळे ते काळं होतं आणि खाली येताना संडास डांबरासारखी काळी, चकचकीत, चिकट होते. तिला नेहमीपेक्षा वेगळाच उग्र वास येतो, पाणी टाकलं तरी चटकन निघत नाही. आता लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आमचीही काळी होते. खरं आहे. पण गोळ्यांनी होणारी काळी संडास नेहमीसारखीच बांधून होते, ती डांबरासारखी चिकट नसते आणि तो उग्र वासही नसतो. तरीही शंका आली तर डॉक्टरांना दोन्ही सांगा, गोळ्या चालू आहेत हेही आणि रंग काळा आहे हेही. संडासच्या तपासणीतून लपलेलं रक्त शोधता येतं.

काळी संडास दिसली म्हणजे चरबीची गाठच असेल असं मात्र नाही. जठरातला साधा व्रण हे त्याहून कितीतरी जास्त आढळणारं कारण आहे. आपण अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी, रोजच्या रोज, दुकानातून आणून घेतो, त्यांनीही असे व्रण होतात. आणि काही वेळा कारण कॅन्सरही असतं. म्हणून तर घरी बसून अंदाज करायचा नाही. कारण कुठलंही असो, वाट एकच, तपासणी.

तपासणीला घाबरू नका

जठर आतून बघण्यासाठी एन्डोस्कोपी करतात. आपल्याकडे तिला पोटाची दुर्बीण म्हणतात. बोटापेक्षा बारीक, वाकणारी नळी तोंडातून जठरात सोडतात. तिच्या टोकाला कॅमेरा असतो. त्याआधी सहा ते आठ तास उपाशी राहायचं. घशात बधिर करणारं औषध मारतात, लागलं तर झोपेचं इंजेक्शन देतात. मळमळतं, ओकारी आल्यासारखं वाटतं, पण नुसतं बघायचंच असेल तर काही मिनिटांत होतं. बरोबर कुणीतरी न्यायचं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत नंतर काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागतो.

चरबीची गाठ दुर्बिणीतून पिवळसर, गुळगुळीत दिसते. डॉक्टर नळीतल्या चिमट्याने ती दाबून बघतात. उशी दाबल्यावर खळगा पडतो आणि हात काढला की ती पुन्हा फुगते, तसं ही गाठ करते. डॉक्टरही याला उशीची खूण असंच म्हणतात.

मग तुकडा काढून तपासायला पाठवतात. इथे आपल्या गोधडीची आठवण ठेवा. चिमट्यात येतं ते वरचं कापड, म्हणजे अस्तर. गाठ असते त्याच्याखाली. त्यामुळे रिपोर्ट पुष्कळदा "अस्तर ठीक आहे" एवढाच येतो. एवढ्यावर गाठ कशाची हे ठरत नाही. त्यातून कॅन्सर आहे हे सिद्ध होत नाही आणि काही नाही असंही सिद्ध होत नाही.

ते ठरवायला सीटी स्कॅन फार उपयोगी पडतो. वरणावर तूप तरंगतं, कारण चरबी पाण्यापेक्षा हलकी. सीटी स्कॅनचं यंत्र पाण्याला शून्य धरतं आणि त्यापेक्षा हलक्या चरबीचा आकडा उणे दाखवतं, साधारण उणे ७० ते उणे १२०. मांसाच्या गाठीचा आकडा असा उणे येत नाही. गाठीत सगळीकडे सारखा उणे आकडा आला की ती चरबीची आहे हे बऱ्यापैकी पक्कं होतं. मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी जोडलेली दुर्बीणही असते. तिने गाठ भिंतीच्या कोणत्या थरात आहे हे कळतं.

गाठ कशाची, हे आधी विचारा

आमच्या भागातल्या एका गटातल्या काकूंचं सांगते. वय ५४. वर्षभर थकवा होता. दोनदा रक्तवाढीची सलाईन लावून झाली होती. हिमोग्लोबिन ६ वर आलं तेव्हा त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथे डॉक्टरबाईंनी संडासचा रंग विचारला, तेव्हा काकू म्हणाल्या, "काळी तर दिवाळीपासून होतीय. असलं कुणाला सांगायचं?" दुर्बिणीत जठराच्या खालच्या भागात गाठ दिसली, वर जखम होती. तुकड्याच्या रिपोर्टात काही निघालं नाही. घरचे त्यांना एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे सांगितलं, कॅन्सरच दिसतोय, अर्धं जठर काढावं लागेल, दोन दिवसांत पैसे भरा. मुलाने जमीन गहाण टाकायची तयारी केली.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. कुणीतरी विचारलं, "कॅन्सर आहे असं रिपोर्टात कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग दोघी जणी काकूंबरोबर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेल्या. तिथे सीटी स्कॅन झाला आणि गाठ चरबीची निघाली. आधी रक्त चढवलं, मग पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीने तेवढी गाठच काढली. जठर जागेवर राहिलं. काढलेल्या गाठीचा रिपोर्टही चरबीचाच आला. जमीन वाचली, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून भागला.

कॅन्सर हा शब्द ऐकला की आपलं डोकं चालत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारने ८० हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यातल्या किती तरी जणींना "काढली नाही तर कॅन्सर होईल" एवढंच सांगितलं गेलं होतं. भीतीपोटी सही करायची नाही, हे त्यातून आपण शिकायला हवं.

याचा अर्थ ऑपरेशनला नाहीच म्हणायचं, असाही नाही. खरोखर कॅन्सर असेल तर एक-एक आठवडा मोलाचा असतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा तर तो लगेच घ्यायचा, महिनाभर घरी बसून नाही.

उपचार काय?

गाठ लहान आहे, चरबीची आहे हे पक्कं झालंय आणि काहीच त्रास नाही, तर ती काढायची गरज नसते. ती तशीच राहू द्यायची. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा दाखवायचं आणि लक्षणांवर नजर ठेवायची.

रक्त जात असेल, उलट्या होत असतील, गाठ मोठी असेल, किंवा ती कशाची आहे याची शंका फिटत नसेल, तर काढतात. लहान गाठ तोंडातून घातलेल्या दुर्बिणीनेच काढता येते. मोठ्या गाठीला तसं करताना जठराच्या भिंतीला भोक पडण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून पुष्कळदा पोटाला छिद्रं पाडून किंवा पोट उघडून ऑपरेशन करतात. बहुतेक वेळा गाठ तेवढी काढली की भागतं. गाठ फार मोठी किंवा अवघड जागी असेल तरच जठराचा काही भाग काढावा लागतो. एकदा पूर्ण काढल्यावर ती सहसा पुन्हा होत नाही.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी वरची जखम भरायला मदत होते, पण गाठ विरघळत नाही. गाठ विरघळवणारं कुठलंच औषध नाही, काढा नाही, लेप नाही. पोट चोळून घेणं, बेंबी सरकली म्हणून झटका देणं, डाग देणं हे तर मुळीच नको. जखमेतून रक्त जात असताना पोट चोळलं तर इजा वाढू शकते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न वहीत लिहून न्या. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

१. गाठ केवढी आहे आणि कुठे आहे?
२. ती कशाची आहे, हे कोणत्या तपासणीवरून ठरलं? तसं रिपोर्टात लिहिलंय का?
३. सीटी स्कॅन करायची गरज आहे का?
४. ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? थांबता येईल का, आणि किती दिवस?
५. तेवढी गाठच काढणार की जठराचा भाग काढणार?
६. काढलेली गाठ तपासायला पाठवणार ना?

सगळे रिपोर्ट आणि स्कॅनची फिल्म स्वतःजवळ ठेवा. एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून.

खर्चाचं म्हणाल, तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा आणि आपला उपचार योजनेत बसतो का, हे भरती व्हायच्या आधीच विचारा. सावकाराकडे जायच्या आधी हे करा.

गटाने काय करायचं?

शेवटी एक काम सांगते. पुढच्या मासिक बैठकीत बचत आणि हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. गटातल्या ज्यांची पाळी गेली आहे, त्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं आणि किती होतं, ते विचारा. तपासलंच नसेल तर आशाताईंना सांगून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. जिचं कमी निघेल तिला एकटीला बाजूला घेऊन संडासच्या रंगाचं विचारा. चारचौघींत विचारलं तर ती सांगणार नाही. घरी सासूलाही विचारा, आईलाही फोन करून विचारा. त्यांना असं काही आपणहून सांगायची सवय नसते.

चरबीची गाठ त्यांच्यापैकी बहुधा कुणालाच निघणार नाही. पण कुणाचा व्रण वेळेवर सापडेल, कुणाचं उतरत चाललेलं रक्त थांबेल. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सगळ्यांत कमी निघेल, तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

काळजी घ्या, एकमेकींना विचारत राहा.